कंकताकार म्हणजे काय? शब्दाचा अर्थ, उपयोग आणि अर्ध्या गुणाची एक गोष्ट



आजचा शब्द आहे 'कंकताकार'. रोजच्या बोलण्यात तो येत नाही. वर्तमानपत्रात तर मला आजवर दिसला नाही. जीवशास्त्राच्या जाड पुस्तकांत, कीटकांच्या किंवा पानांच्या वर्णनात तो असा अचानक भेटतो आणि आपण तो तसाच उचलून फलकावर लिहितो. मीही तेच केलं. म्हणून आधी शब्द नीट समजून घेऊ, मग माझं काय चुकलं ते सांगते.

सुरुवातीलाच कबूल करते, हा शब्द मी पहिल्यांदा वाचला तेव्हा 'कंकणाकार' असा वाचला. तुमच्याकडे मुलं हमखास असंच वाचतील, कारण 'कंकणाकृती सूर्यग्रहण' हा शब्द त्यांच्या कानावरून गेलेला असतो. 26 डिसेंबर 2019 चं ग्रहण आठवा, दक्षिण भारतात ते कंकणाकृती दिसलं होतं. कंकण म्हणजे बांगडी, कडं. कंकणाकृती म्हणजे मधे पोकळ, गोल. आपला शब्द त्याच्या शेजारी ठेवला तर फरक एका अक्षराचा, 'ण' च्या जागी 'त'. आकार मात्र कुठल्या कुठे!

कंकत म्हणजे कंगवा. शब्द संस्कृत आहे. 'कंकतिका' असंही त्याचं रूप आहे, आणि अमरकोशात कंगव्यासाठी 'प्रसाधनी' आणि 'कंकतिका' हे शब्द जोडीनं दिलेले आहेत. आपला रोजचा 'कंगवा' आणि हिंदीतला 'कंघा' हे याच कंकताचे वंशज. म्हणजे शब्द परका नाही, घरातलाच आहे. फक्त जुने कपडे घालून आला म्हणून आपण ओळखला नाही.

फोड सोपी आहे. कंकत + आकार = कंकताकार. अ आणि आ मिळून आ, म्हणजे सवर्णदीर्घ संधी. पाचवी ते आठवीच्या मुलांना संधीचं उदाहरण म्हणूनही चालेल, पुस्तकातल्या 'विद्यालय' आणि 'हिमालय' यांना जरा विश्रांती. काही पुस्तकांत 'कंकताकृती' किंवा 'कंकताभ' अशी रूपं दिसतील. अर्थ तोच, कंगव्यासारखा. उच्चार करताना पहिल्या अनुस्वाराचा उच्चार 'ङ' सारखा होतो, 'पंकज' मधल्यासारखा. इंग्रजी माध्यमातल्या पालकांना हाच शब्द 'पेक्टिनेट' या रूपात भेटेल. तो लॅटिनमधल्या 'पेक्टेन' म्हणजे कंगवा या शब्दावरून आला आहे. दोन वेगळ्या भाषांतल्या अभ्यासकांना आकाराला नाव देताना कंगवाच आठवला, हे मला गमतीचं वाटतं.

आता अर्ध्या गुणाची गोष्ट.

माझी शाळा भंडारा जिल्ह्यात आहे. आमच्याकडे, म्हणजे भंडारा, गोंदिया, गडचिरोली, चंद्रपूर या पट्ट्यात, टसर रेशीम होतं. आम्ही त्याला कोसा म्हणतो. ऐन आणि अर्जुनाच्या झाडांवर अळ्या वाढतात, कोष करतात. मोहाडी, आंधळगावकडे कोशाच्या कापडाचे विणकर आहेत. त्यामुळे चौथीला कीटकांविषयी शिकवताना मी पुस्तकातल्या फुलपाखराला जोडून टसरचा पतंगही घेते. गेल्या वर्षी तयारी करताना एका जुन्या संदर्भग्रंथातून टिपण काढलं आणि फलकावर लिहिलं, 'नर पतंगाच्या स्पर्शिका कंकताकार असतात.' मुलांनी उतरवून घेतलं. मी अर्थ सांगितला का? सांगितला, 'कंगव्यासारख्या' म्हणून, एका वाक्यात, आणि पुढे गेले. घटक चाचणीत प्रश्न टाकला, नर पतंगाच्या स्पर्शिका कशा असतात? गुण एक.

बहुतेकांनी 'कंकताकार' लिहिलं. दोघातिघांनी 'कंकणाकार' लिहिलं, ते आपण समजू शकतो. एका मुलीनं लिहिलं, 'फनीसारख्या. दोन्ही बाजूनं दात असतात.'

मी 'फनी' भोवती लाल गोल केला, 'फणी' असं शुद्ध करून दिलं, अर्धा गुण दिला आणि शेजारी लिहिलं, 'शब्द पाठ कर.'

आमच्या झाडीबोलीत 'ण' चा 'न' होतो. पाणी ते पानी, फणी ते फनी. हे मला माहीत नव्हतं असं नाही, रोज ऐकते. तरी हातात लाल पेन आला की आपल्यातला वेगळाच माणूस जागा होतो. (2019 च्या मे महिन्यात ओडिशाला धडकलेलं चक्रीवादळ आठवतं? बांगलादेशनं सुचवलेलं ते नाव नागाच्या फण्यावरून होतं आणि ते 'फनी' असंही छापून आलं. त्या 'न' ला कोणी लाल गोल केला नाही.)

ती मुलगी आधी वर्गात बोलायची. मग हळूहळू बोलेनाशी झाली. मी ते लगेच या गोष्टीशी जोडलं नाही, खरं सांगायचं तर माझ्या लक्षातच आलं नाही. चाळीस मुलं, दोन इयत्ता, ऑनलाइन माहिती भरणं, तुम्ही शिक्षक असाल तर वेगळं सांगायला नको.

महिना-दीड महिन्यानं गृहभेटींसाठी फिरताना तिच्या घरी गेले. ओसरीत एक हातमाग होता, बंद पडलेला, वर धान्याची पोती ठेवलेली. तिची आजी पूर्वी कोसा विणायची. भिंतीला एक लांबट लाकडी चौकट टांगलेली होती, आत बारीक पात्यांची दाट रांग. मी विचारलं, हे काय? आजी म्हणाली, "फनी हाये बाई, मागाची. उभा धागा एकेक याच्यातून जाते, मंग आडवा धागा ठोकाचा." तेवढ्यात माझी विद्यार्थिनी दारामागून म्हणाली, "मॅडम, डोक्याची बी फनीच, अन् केळाची बी."

मला तो पेपर तिथेच आठवला. घरी येऊन टसरच्या नर पतंगाचा फोटो मोबाईलवर मोठा करून बघितला, जे मी शिकवण्याच्या आधी करायला हवं होतं. मधे एक दांडा, आणि त्याच्या दोन्ही बाजूंना बारीक, लांब दातांच्या ओळी. दोन्ही बाजूंना!

आता तुमच्या घरातला कंगवा आणि फणी समोर ठेवा. कंगव्याला दात एका बाजूला. उवा-लिखा काढायच्या फणीला दोन्ही बाजूंना, एकीकडे जरा विरळ, दुसरीकडे दाट. म्हणजे 'फनीसारख्या, दोन्ही बाजूनं दात' हे उत्तर माझ्या 'कंकताकार' पेक्षा जास्त अचूक होतं. माझ्या शब्दातून एका बाजूचे दात की दोन्ही बाजूंचे, हे कळतच नव्हतं. कीटकांचे अभ्यासक हा फरक करतात. दोन्ही बाजूंना दात असतील तर ते 'द्विकंकताकार' म्हणतात, इंग्रजीत 'बायपेक्टिनेट'. मुलीकडे तो शब्द नव्हता, पण तिनं वस्तू बरोबर ओळखली होती. माझ्याकडे शब्द होता आणि वस्तू मी पाहिलीच नव्हती.

दुसऱ्या दिवशी वर्गात पेपर परत मागवला, अर्ध्याचा एक केला आणि का केला ते सगळ्यांसमोर सांगितलं. चौथीची मुलं अशा वेळी फार नाटक करत नाहीत. एक जण म्हणाला, "मॅडम, मंग माझा बी पेपर पाहा." ती मुलगी गप्प बसली होती. मधल्या सुट्टीत आली आणि विचारलं, "मिशा तशा काऊन असतात?"

हा प्रश्न मला सगळ्यात आवडला, म्हणून त्याचं उत्तर इथेही देते. टसरचा पतंग कोषातून बाहेर आल्यावर काही खात नाही. त्याचं आयुष्य थोड्या दिवसांचं, आणि त्यात नराला मादी शोधायची असते, तीही अंधारात. मादी एक गंध सोडते. हवेतून येणारे त्या गंधाचे कण पकडायला जेवढी जास्त जागा तेवढं चांगलं. साधी दोऱ्यासारखी मिशी असती तर जागा कमी मिळाली असती. एका दांड्याला दोन्हीकडे दात फुटले की तेवढ्याच लांबीत कितीतरी जास्त जागा मिळते आणि मधून हवाही वाहते. म्हणून नराच्या स्पर्शिका रुंद, मादीच्या त्यामानानं अरुंद. फोटो शेजारी शेजारी ठेवले तर मुलं नर-मादी लगेच ओळखतात. तेव्हा 'स्पर्शिका कंकताकार असतात' हे वाक्य पाठ करून घेण्यापेक्षा 'तशा का असतात' इथून सुरुवात केली असती तर शब्द आपोआप लक्षात राहिला असता.

यानंतर मी तो शब्द वर्गातून काढून टाकला का? नाही. काही सहकारी म्हणाले, कशाला एवढा अवघड शब्द, 'फणीसारखा' पुरे की. मला ते पटत नाही. फणीपासून सुरुवात करून मुलांना हा शब्द दिला, तर तो शोधायचं साधन होतो. आम्ही आठवडाभर कंकताकार वस्तू शोधल्या. त्यातून जे निघालं ते तुमच्या वर्गात उपयोगी पडेल.

सगळ्यात आधी दाताळं आलं, गवत-कचरा ओढायचं. दांड्याला आडवी पट्टी, तिला दात. मग केळ्यांची फणी. घडातली एक ओळ वेगळी केली की तिलाही आपण फणीच म्हणतो, मुलांना हे नव्यानं कळल्यासारखं झालं. माझं माहेर वर्ध्याकडचं, म्हणून मी तिफण सांगितली. पेरणीच्या तीन फणांच्या त्या अवजाराचं नावच 'ति-फण'. तीन दात म्हणजे फारच विरळ कंगवा, पण आकार तोच. एका मुलानं फणस सांगितला, कारण त्यातही 'फण' आहे. हा सापळा आहे, लक्षात ठेवा. फणस हा संस्कृत 'पनस' वरून आला, फणीशी त्याचं नातं नाही. तसाच दुसरा सापळा 'कंगोरा'. तो फारसीतून आला, किल्ल्याच्या तटावरच्या उंचसखल कडेवरून. कंगव्याचा तो भाऊ वाटतो, पण नाही. आणि 'कंक' नावाचा एक पक्षी संस्कृतात आहे, बगळ्याच्या जातीचा, त्याचा 'कंकत' शी संबंध जोडायला जाऊ नका.

पण बगळ्याचा विषय निघालाच आहे तर सांगते. आमच्या धानाच्या बांधीत बगळे रोजचेच. बगळ्याच्या मधल्या बोटाच्या नखाची आतली कड कंकताकार असते, बारीक दातांची. तो तिनं पिसं साफ करतो. गव्हाणी घुबड आणि रातवा यांच्या नखालाही अशी कड असते. मुलांना सांगितलं, बगळा स्वतःचा कंगवा पायातच घेऊन फिरतो, तर दुसऱ्या दिवशी निम्मा वर्ग बांधीच्या काठावर बसून आला. एवढ्या लांबून नख काही दिसलं नाही. फोटो दाखवावा लागला.

विंचूही सांगा, पण चित्रावरून, प्रत्यक्ष नको. विंचवाच्या पोटाखाली, पायांच्या शेवटच्या जोडीच्या मागे, दोन छोटे कंगवे असतात. चालताना तो त्यांनी जमिनीचा पोत आणि रसायनं चाचपतो. एवढी वर्षं विंचू पाहिले, आपलं लक्ष कायम नांगीकडे! शिवाय माशाचे कल्ले. ज्यांच्या घरी मासे येतात त्या मुलांना कल्ल्याचं झाकण उचलून बघायला सांगा, आत लाल दातांच्या ओळी दिसतील. आणि माणसाच्या शरीरातही हा आकार आहे. हृदयाच्या उजव्या अलिंदाच्या आतल्या भिंतीवर स्नायूंच्या ज्या ओळी असतात त्यांना कंगव्यावरूनच नाव मिळालं आहे. हे मात्र चौथीला नको, दहावीच्या पुढे.

शहरातल्या पालकांनी सरकत्या जिन्याच्या टोकाला नीट बघावं. पायऱ्या जिथे आत जातात तिथे जी दातेरी पट्टी असते तीही कंकताकार. पायऱ्यांवरच्या खाचांत ते दात बसलेले असतात, म्हणजे मधे काही अडकू नये. तरी मऊ रबरी चप्पल किंवा बुटाची सुटलेली नाडी तिथे ओढली जाऊ शकते. मुलाला शब्द शिकवता शिकवता 'इथे पाय उचलायचा' हेही शिकवून होईल. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसचा नकाशा मिळाला तर दाखवा, एका आडव्या दालनाला फलाटांचे दात लागलेले दिसतील.

आता वापराविषयी थोडं, कारण चुका इथे होतात. दात दिसले की कंकताकार, असं नाही. जास्वंदीच्या पानाच्या कडेला दात आहेत, कडुनिंबाच्या पानालाही आहेत. पण ते आखूड, टोकदार, एकाच दिशेला कललेले. ते करवतीचे दात, त्या कडेला करवती किंवा दंतुर म्हणायचं. कंगव्याचे दात लांब असतात, बारीक असतात, एकमेकांना समांतर असतात आणि साधारण सारख्या अंतरावर एकाच कण्यातून निघतात. मी मुलांना हातानं दाखवते. पंजा उघडून बोटं सरळ एकत्र, थोडी फट ठेवून धरली तर कंकताकार. बोटं पसरली तर पंख्यासारखं झालं, ते नाही चालणार. चिंचेच्या पानावरून आमच्या वर्गात बरंच भांडण झालं, कारण दिसतं ते अगदी दुहेरी फणीसारखं. पण चिंचेचं पान संयुक्त आहे, त्यातली प्रत्येक पर्णिका स्वतंत्र आहे, आणि वनस्पतिशास्त्रात त्याला पिच्छाकृती म्हणजे पिसासारखं म्हणतात. चौथीच्या मुलानं त्याला कंकताकार म्हटलं तर मी आता गुण कापत नाही. 'का म्हणालास?' एवढं विचारते.

वाक्यात वापरताना हा शब्द विशेषण आहे, म्हणून नामाआधी येतो. कंकताकार कड, कंकताकार स्पर्शिका, कंकताकार नख. नामाच्या लिंग-वचनाप्रमाणे तो बदलत नाही. आणि रोजच्या बोलण्यात उगाच वापरू नये. 'त्याचे केस कंकताकार विंचरले' असं एका मोठ्या मुलानं लिहून दाखवलं होतं, ते वाचून मला हसू आवरेना.

आठवड्याच्या शेवटी प्रत्येकानं एक वाक्य लिहायचं होतं. एकानं लिहिलं, 'सरपंचांच्या घरचं गेट कंकताकार आहे.' वर्गात मतं पडली. उभ्या सळया आहेत, समांतर आहेत, अंतर सारखं आहे, मग काय बिघडलं? तेव्हा ती मुलगी उठली, पेपरवाली. म्हणाली, गेटला वरूनबी पट्टी हाये अन् खालूनबी. कंगव्याचे दात एका टोकाले मोकळे असतात. गेट बाद झालं. ती खाली बसली, आणि लगेच पुन्हा उठली.

"मॅडम, आजीची फनी बी वरून-खालून बंदच हाये."

खरंच होतं. मागाच्या फणीची पाती दोन्हीकडून चौकटीत बांधलेली असतात, नाहीतर धागे निसटतील. ती धागे वेगळे ठेवते, कंगवा केस वेगळे करतो तसं. म्हणजे नाव कामावरून शोभतं, पण आकार कंगव्याचा नाही. मी थोडा वेळ फलकाकडे बघत उभी राहिले आणि मग लिहिलं, 'मागाची फणी ही फणी आहे, पण ती कंकताकार नाही.'

तिनं ते वहीत उतरवून घेतलं. 'फनी' असंच लिहिलं.